फ्रॉग लुअर: प्लास्टिकचा बेडूक माशाला नेमका कसा फसवतो?

रील्स स्क्रोल करताना असा एखादा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. अमेरिकेतलं तळं, पाण्यावर हिरव्या पानांची गच्च चादर, त्यावरून एक रबरी बेडूक टुणटुण सरकत येतो आणि अचानक खालून पाणी फुटतं. बेडूक गायब! खाली कोणीतरी विचारलेलं असतं, "मासा एवढा बावळट कसा?"

मासा बावळट नसतो. त्याच्यापर्यंत जेवढी माहिती पोहोचते, तेवढ्यावर तो बरोबरच निर्णय घेतो. फ्रॉग लुअर ती माहितीच खोटी पुरवतो. म्हणजे हा सगळा खेळ इनपुट आणि आउटपुटचा आहे. चला, स्टेप बाय स्टेप बघूया.

बास म्हणजे कोण?

लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. हिरवट अंग, बाजूने काळपट पट्टा आणि डोळ्याच्याही मागे जाणारा प्रचंड जबडा. तो लांबवर पाठलाग करत बसत नाही. पाणवनस्पतींच्या सावलीत दबा धरतो आणि जवळ आलेल्या भक्ष्यावर झडप घालतो. तोंड झटक्यात उघडलं की आत पोकळी तयार होते आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. आपली पापणी लवण्याआधीच हे सगळं उरकतं.

अमेरिकेत या माशाभोवती मोठा खेळ उभा आहे. १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरीने पकडलेला बास २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १०.१ किलोचा होता. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. कुरितांचा मासा औंसभर जड होता, पण नियमानुसार तेवढा फरक पुरेसा नसल्यामुळे विक्रम दोघांच्या नावावर आहे.

माशाला नेमकं काय कळतं?

पानांच्या चादरीखाली बसलेल्या माशाला बेडूक स्पष्ट दिसत नाही. त्याला मुख्यतः दोन गोष्टी कळतात.

पहिली म्हणजे हालचाल. माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते, तिला पार्श्वरेखा म्हणतात. तिच्यात सूक्ष्म केसांसारखे सेन्सर असतात. पाणी हललं की ते वाकतात आणि मेंदूला सिग्नल जातो. तुमच्या फोनमधला ॲक्सेलरोमीटर आठवा. त्यातही एक अतिसूक्ष्म वजन जागचं हलतं आणि फोनला कळतं की आपण तिरके झालो. तत्त्व तसंच. पानांवरून काहीतरी छोटं, थांबत थांबत चाललंय, एवढं बासला पुरतं.

दुसरी म्हणजे आकृती. खालून वर बघताना उजळ आभाळासमोर फक्त गडद सावली दिसते. म्हणूनच साधा काळा बेडूकसुद्धा उत्तम चालतो. ऑनलाइन दुकानात पन्नास रंग दिसतात, पण बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक लालसर आणि एक हिरव्या रंगासाठी. आपल्याकडे तीन प्रकार आहेत आणि फोनची स्क्रीनही त्यामुळेच लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांवर चालते. आपल्याला वेगळ्या वाटणाऱ्या काही छटा बासला सारख्याच दिसतात. पाठीवरचे सुंदर ठिपके तर त्याला दिसतच नाहीत. ते आपल्यासाठी, म्हणजे गिऱ्हाइकासाठी असतात!

बेडकाची बनावट

आता प्रॉब्लेम असा की, साधा गळ या पानांत टाकला तर पहिल्या फुटातच अडकणार. फ्रॉग लुअरचं सगळं डिझाइन हा एक प्रॉब्लेम सोडवण्यासाठी आहे.

त्याचं अंग पोकळ आणि मऊ असतं, त्यामुळे तो तरंगतो. खाली दुहेरी गळ असतो. त्याची दोन्ही टोकं वर वळून बेडकाच्या पाठीला चिकटलेली असतात, म्हणून पानांवरून ओढताना ती कुठे अडकत नाहीत. माशाने जबडा मिटला की मऊ अंग चेपतं आणि टोकं उघडी पडतात. थोडक्यात, गळ 'लॉक' असतो आणि माशाचा चावा हाच त्याचा पासवर्ड.

मागच्या बाजूला थोडं वजन असतं. त्यामुळे बेडूक कसाही फेकला तरी पोटावरच बसतो. पायांच्या जागी रबरी झालर असते. दोऱ्याला हलके हिसके दिले की टोकदार नाकाचा बेडूक डावीकडे-उजवीकडे मान वळवत चालतो. खोलगट तोंडाचा बेडूक 'पक्-पक्' आवाज करत पाणी उडवतो. गळाच्या भोकातून आत पाणी शिरतं, म्हणून मधूनमधून बेडूक पिळून घ्यावा लागतो. नाहीतर तो बुडायला लागतो.

दोरा साधा तंगूस नसतो. पन्नास ते पासष्ट पौंड ताकदीचा विणलेला पॉलिथिलिनचा दोरा वापरतात. नायलॉन ताणला जातो, हा जवळजवळ ताणला जात नाही. माशाला पानांसकट ओढून काढायचं असल्यामुळे हिसका पूर्ण ताकदीने पोहोचणं गरजेचं असतं.

पाणी फुटलं की लगेच ओढू नका

नवशिक्यांचे बहुतेक मासे इथेच सुटतात. आवाज आला की हात आपोआप वर जातो. पण बास पानांखालून अंदाजाने झडप घालतो आणि बऱ्याचदा त्याचा नेम चुकतो. तेव्हाच ओढलं तर बेडूक हवेत आणि मासा पाण्यात!

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डीबाउन्स' नावाचा प्रकार असतो. बटण दाबलं की आतले संपर्क क्षणभर थरथरतात, म्हणून प्रोग्राम पहिल्याच सिग्नलवर विश्वास न ठेवता किंचित थांबतो. इथेही तेच करायचं. एक-दोन सेकंद थांबा, दोऱ्यावर माशाचं वजन जाणवू द्या, मग जोरात हिसका द्या. कानावर नाही, हातावर विश्वास ठेवा.

सॉफ्ट प्लास्टिक: बेडकाचा भाऊ

फ्रॉग पाण्याच्या वर काम करतो, सॉफ्ट प्लास्टिक खाली. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात निक क्रीम यांनी मऊ व्हिनाइलचं गांडूळ बनवलं आणि बास फिशिंगच बदललं. आजही ही आमिषं बहुतेक पीव्हीसीचीच असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं (घरातला पाइप आठवा). त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळून तापवलं की ते जेलीसारखं मऊ होतं. काही आमिषांत मीठही घालतात. त्याने वजन वाढतं आणि आमिष संथ डुलत खाली जातं.

इथेही अडकण्याचा प्रश्न आहेच. त्यावरचं उत्तर म्हणजे टेक्सास रिग: गोळीच्या आकाराचं वजन दोऱ्यात ओवायचं, गळ गांडुळाच्या डोक्यातून काढायचा, फिरवायचा आणि टोक परत त्याच्याच अंगात लपवायचं. आयडिया तीच, टोक लपलेलं आणि चाव्याने उघडणारं.

एक टीप: वेगवेगळ्या मटेरियलची आमिषं एका डब्यात ठेवू नका. प्लास्टिसायझर एकातून दुसऱ्यात झिरपतं आणि सगळ्यांचा मिळून चिकट गोळा होतो.

आता मुद्द्याचं

हेच फ्रॉग आपल्याकडेही विकले जातात, पण बाससाठी नाही, तर मरळ माशासाठी. मरळही पाणवनस्पतींत राहतो, हवा घ्यायला वर येतो आणि पृष्ठभागावर झडप घालतो. म्हणून अमेरिकेतलं हे डिझाइन इथेही चालतं.

पण इनपुट-आउटपुटची दुसरी बाजूही समजून घ्या. मासा प्रत्येक वेळी भुकेने झडप घालत नाही. वसंतात नर बास घरट्यावर पहारा देतो आणि जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतो. त्याला थोडा वेळ जरी उचललं, तरी छोटे मासे काही मिनिटांत अंडी फस्त करतात. कॅनडातल्या ऑन्टारियोत बऱ्याच भागांत बासचा सीझन त्यासाठीच जूनच्या उत्तरार्धापर्यंत उघडत नाही.

मरळचंही तसंच. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा बुडबुडणारा घोळका दिसला, तर त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. तिथे बेडूक फेकला तर झडप जवळजवळ ठरलेली, आणि रीलही झकास होईल. पण पालक गेले की तो अख्खा घोळका इतरांचं खाद्य होतो. एका माशापायी शेकडो पिल्लं जातात. तंत्र कळलं की जबाबदारीही येते. असा घोळका दिसला तर दोरा गुंडाळा आणि पुढे चला.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. फाटलेलं आमिष पाण्यात टाकू नका. ते कुजत नाही, मासे गिळतात आणि ते पोटातच राहतं. शिशाचं वजन विषारी असतं. पक्ष्यांच्या पोटात जातं म्हणून न्यू हॅम्पशायर, मेनसारख्या अमेरिकी राज्यांत छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे. टंगस्टन महाग पडतं, पण तो चांगला पर्याय आहे. आणि आपल्याकडचे बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा गळ टाकण्याआधी परवानगी विचारा. कोणाच्या तरी घरची चूल त्या पाण्यावर चालते.