'अनचार्टेड'मधला सह्याद्री

सांबरा विमानतळावर उतरून चोर्ला घाटाने गोव्यात येणाऱ्यांना जो सह्याद्री लागतो, त्याच पर्वतरांगेत एका जगप्रसिद्ध व्हिडिओ गेम मालिकेतील कथा घडते. कॅलिफोर्नियातील नॉटी डॉग कंपनीने २०१७ साली प्लेस्टेशन ४ साठी आणलेल्या 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी'ची नायिका क्लोई फ्रेझर होयसळांचा ठेवा, म्हणजे गणेशाचा सुळा, शोधत घाटात शिरते. हा दात परशुरामाने तोडल्याची कथा गेममध्ये येते. परशुरामभूमीतील वाचकांना ती नव्याने सांगायला नको.

मात्र गेममध्ये अरण्यात लुप्त झालेली बेलूर आणि हळेबीडू ही नगरे प्रत्यक्षात हासन जिल्ह्यातील नांदती गावे आहेत. बेलूरच्या चेन्नकेशवाची पूजा आजही होते. होयसळ मंदिरे २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. हरवलेले शहर शोधणे हा या मालिकेचा ठरलेला साचा. त्यात बसवण्यासाठी जागते देवस्थानही ओसाड करावे लागते, आणि चाहत्यांनी खटकून घ्यावे ते हेच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी'ची रीत वेगळी आहे. तिथे भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची कथा स्वतः दुर्गा आणि विष्णूच सांगतात.