‘फॉरमॅट मारण्या’पूर्वी थोडे थांबा

आठ-दहा वर्षे वापरलेला लॅपटॉप एके दिवशी सुरूच होत नाही. कंपनीचे चिन्ह दिसते, ठिपके गोल फिरत राहतात आणि पडदा काळा होतो. दुकानात नेला की बहुधा एकच सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ त्यात नेमके काय होते आणि काय जाते, हे आधी समजून घेतले तर मुलांचे फोटो आणि हिशेबाच्या फायली वाचू शकतात. संगणकही भंगारात जात नाही.

लॅपटॉप विकताना अनेक कंपन्या डिस्कचा छोटा भाग राखून ठेवतात. हेच रिकव्हरी पार्टिशन. सिस्टीम मूळ स्थितीत आणण्यासाठी लागणारी प्रत तिथे असते. मात्र हा भाग त्याच डिस्कवर असतो. डिस्क बिघडली, ती काढून एसएसडी बसवली किंवा पूर्वी कुणी सगळी पार्टिशन पुसली, की तोही जातो. मग ऑपरेटिंग सिस्टीम बाहेरून आणावी लागते.

आधी फायली

विंडोज सुरू होत नाही, म्हणजे फायली गेल्या असे नाही. दुसऱ्या संगणकावर लिनक्स मिंट या मोफत सिस्टीमचा पेन ड्राइव्ह तयार करावा. बंद पडलेला संगणक त्यावरून सुरू होतो, काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. मग जुन्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती अनेकदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन केलेली असते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र संगणक पुन्हा पुन्हा सुरू करू नये. प्रत्येक प्रयत्नात डिस्क आणखी बिघडू शकते. अशी डिस्क तज्ज्ञाकडेच द्यावी.

परवाना कुठे असतो?

विंडोज ७ च्या काळातील लॅपटॉपवर परवान्याची की खालच्या बाजूच्या स्टिकरवर असे. विंडोज ८ पासून कंपन्या ती मदरबोर्डवरील चिपमध्येच साठवू लागल्या. त्यामुळे डिस्क बदलली तरी परवाना टिकतो. तीच आवृत्ती टाकल्यास इंटरनेट जोडताच ती सहसा आपोआप सक्रिय होते. म्हणजे ‘क्रॅक’ केलेली प्रत घेण्याचे कारण उरत नाही. अशा प्रतींसोबत पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअर येण्याचा धोकाही असतो.

प्रत्यक्ष कृती

विंडोजसाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील साधनाने तो तयार होतो, पण त्यावरचे आधीचे सारे पुसले जाते. लॅपटॉप सुरू करताना कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून पेन ड्राइव्ह निवडावा. पुढे पार्टिशनची यादी येते. ‘डिलीट’ दाबल्यावर मागे फिरता येत नाही, म्हणून दुसरी डिस्क जोडलेली असल्यास ती आधी काढावी. नव्या सिस्टीमला कधी कधी वाय-फाय ओळखता येत नाही. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून इंटरनेट घ्यावे आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून मॉडेलनुसार ड्रायव्हर उतरवावेत.

कोणती सिस्टीम?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला ४ जीबी रॅमसोबत टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. अनेक जुने संगणक इथेच अडतात. त्यांच्यासाठी लिनक्स मिंट चांगला पर्याय आहे. २ जीबी रॅमवर ते चालते, ४ जीबी असल्यास अधिक सुरळीत. ब्राउझर, पत्रलेखन, मराठी टंकलेखन, चित्रपट पाहणे ही कामे त्यावर होतात. मात्र केवळ विंडोजसाठी बनलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर आधी चौकशी करावी.

२०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याचा रीतसर पुनर्वापर झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. एक पेन ड्राइव्ह आणि एक दुपार खर्चून चालता होणारा लॅपटॉप त्या ढिगात टाकण्याची घाई नको. काम झाल्यावर तोच पेन ड्राइव्ह नाव लिहून कपाटात ठेवावा. पुढच्या वेळी रिकव्हरी पार्टिशनची उणीव भासणार नाही.