विमान बदललं, हातांना कळवा!

एका लढाऊ विमानावरून दुसऱ्यावर जायचं, म्हणजे वाढलेल्या वेगाची सवय करायची, असं आपल्याला वाटतं. पण वेगाशी वैमानिकाचं लवकर जमतं. घोळ घालतात ते त्याचे स्वतःचे हात, पाय आणि डोळे. परदेशात भाड्याची गाडी घेतली आणि वळताना इंडिकेटरऐवजी वायपर सुरू झाला, त्यातलाच प्रकार. फक्त इथे गाडी आवाजापेक्षा वेगाने धावते. हवाई दलात या बदलाला सरळ ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. त्यातल्या या गमती.

तीनशे म्हणजे किती?
१९६३ मध्ये चंडीगडला हवाई दलाच्या २८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये मिग-२१ आलं. त्यासाठी वैमानिक सोव्हिएत संघात जाऊन शिकून आले होते. त्यांचे नेते विंग कमांडर दिलबाग सिंग पुढे हवाई दलप्रमुख झाले. तोवर आपली मंडळी ब्रिटिश विमानांवर नॉट आणि फुटांत विचार करायची. मिगच्या तबकड्या किलोमीटर आणि मीटरमध्ये! काटा ३०० वर असेल, तर नॉटमध्ये तो ताशी सुमारे ५५६ किलोमीटर. मिगमध्ये मात्र फक्त ३००, म्हणजे जेमतेम उतरण्याचा वेग. उंचीचंही तेच. १००० मीटर म्हणजे जवळपास ३२८० फूट. आकडा तोच, अर्थ तिप्पट.

कोण कललं, मी की क्षितिज?
ढगात शिरल्यावर वैमानिकाचा भरवसा कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या तबकडीवर. पाश्चात्त्य विमानांत तबकडीवरचं विमान स्थिर असतं आणि मागची क्षितिजरेषा कलते. जुन्या रशियन पद्धतीत नेमकं उलट: क्षितिज आडवंच राहतं आणि छोटंसं विमान कलतं. दोन्ही पद्धती बरोबर. पण मेंदूला एकीची सवय लागलेली असताना घाईत दुसरीकडे पाहिलं, तर डावीकडे की उजवीकडे, याचा क्षणभर गोंधळ उडू शकतो. आणि ढगात तो क्षण फार महाग असतो.

ब्रेक पायात की हातात?
जॅग्वार विमानाचे ब्रेक रडरच्या पेडलवर, पायाच्या चवड्याखाली. मिग-२१ चा ब्रेक मात्र स्टिकवरच्या लीव्हरमध्ये, सायकलसारखा आवळायचा. कुठल्या चाकाला जास्त लावायचा ते पेडल ठरवतं. त्यामुळे मिगवाला जॅग्वारवर गेला की धावपट्टीवर आधी बोटं आवळतात, मग पायांना आठवण करून द्यावी लागते.

न हलणारी स्टिक
अमेरिकेच्या एफ-१६ ची स्टिक मधोमध नाही, उजव्या बाजूला आहे. सुरुवातीला ती हलतच नव्हती! हाताचा दाब मोजायचा आणि संगणकाने विमान वळवायचं, अशी रचना. वैमानिक वैतागले. जोर पुरेसा लागला की नाही, हे हाताला कळेना. शेवटी स्टिकला जेमतेम पाव इंच हलायची मुभा मिळाली आणि सगळे खूश झाले. आपल्या राफेलची स्टिकही उजव्या बाजूलाच आहे.

आधी थांबा, मग उतरा
गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर नौदलाचे ‘व्हाइट टायगर्स’ आहेत, ३०० क्रमांकाची स्क्वॉड्रन. त्यांची सी हॉक विमानं विमानवाहू जहाज विक्रांतवर हुकाने तार पकडून उतरायची. मग १९८३ मध्ये सी हॅरियर आलं. ते हवेतच थांबायचं आणि सरळ खाली बसायचं. थ्रॉटलशेजारी आणखी एक लीव्हर, इंजिनाचा झोत मागे की खाली ते ठरवणारा. डाव्या हाताने भलताच लीव्हर ओढला तर काय होईल, याचा विचारही नको. २०१६ मध्ये हॅरियर निवृत्त झालं, मिग-२९के आलं आणि पुन्हा हुक-तार. गंमत म्हणजे जहाजावर चाकं टेकताच इथे थ्रॉटल मागे नाही, पूर्ण पुढे ढकलायचं! तार हुकली, तर परत उडता आलं पाहिजे ना.

डोळ्यांवर पट्टी
नव्या विमानात उडण्याआधी एक जुनी परीक्षा असते. वैमानिकाला कॉकपिटमध्ये बसवून डोळे बांधतात. प्रशिक्षक म्हणतो, ‘लँडिंग गिअर!’ बोट तिथे गेलं पाहिजे. ‘जनरेटर!’ चाचपडलं, तर पुन्हा पहिल्यापासून. सर्वांत कडक सराव इजेक्शनचा. जुन्या हंटर विमानात डोक्यावरचं हँडल दोन्ही हातांनी खाली ओढायचं, सोबत वाऱ्यापासून वाचवणारा पडदा तोंडावर यायचा. सुखोई विमानात हँडल दोन मांड्यांमध्ये. ऐन वेळी हात जुन्या पत्त्यावर गेले, तर पत्ता विचारायला वेळ नसतो.

आता बोलावं लागतं
मिग-२१ मध्ये वैमानिक एकटा राजा. इंधन इतकं बेताचं, की सहसा तासाभराच्या आत परत. २००२ मध्ये पुण्याच्या लोहगावला सुखोई-३० एमकेआय आलं आणि मागच्या सीटवर सहकारी आला. आता मनातल्या मनात ठरवून चालत नाही, बोलून दाखवावं लागतं. हवेतच इंधन भरून ही जोडी आठ-आठ तास उडते. एवढा वेळ एकाच सीटवर बसून राहणं, हाही प्रशिक्षणाचाच भाग म्हणायचा.

शिक्षक शेजारच्या विमानात
अमेरिकेच्या एफ-२२ आणि एफ-३५ ला दोन सीटची आवृत्तीच नाही. सिम्युलेटरवर घोटून घोटून तयारी करायची आणि पहिल्याच उड्डाणाला एकट्याने निघायचं. प्रशिक्षक दुसऱ्या विमानातून बाजूने उडतो. सल्ला देतो, पण हात धरू शकत नाही.

नव्याकडून जुन्याकडे
अवनी चतुर्वेदी यांनी २०१८ मध्ये मिग-२१ बायसन एकट्याने उडवलं आणि पुढे त्या सुखोईवर गेल्या. शिवांगी सिंग मिग-२१ वरून थेट राफेलवर गेल्या. हा सरळ रस्ता. अभिनंदन वर्धमान यांचा मात्र उलटा: आधी सुखोई-३०, नंतर मिग-२१ बायसन. म्हणजे संगणकाच्या लाडातून बाहेर पडून ज्या विमानाचे सगळे नखरे स्वतःच सांभाळायचे, त्यावर.

कारखान्याचंही कन्व्हर्जन
नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना मिग-२१ साठी उभा राहिला. मग तिथे मिग-२७ बनलं, मग सुखोई. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि पुढच्याच महिन्यात ओझरमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. रशियन आराखड्यांवर पिढ्या घालवलेल्या हातांनी देशी आराखडा उचलला.

सर्वांत लांबची उडी
१९७१ च्या युद्धात मिग-२१ उडवणारे राकेश शर्मा रशियन शिकले आणि १९८४ मध्ये सोयुझमधून अंतराळात गेले. हवाई दलाचेच शुभांशु शुक्ला यांनी उडवलेल्या विमानांच्या यादीत मिग-२१, मिग-२९, सुखोई, जॅग्वार, हॉक आणि शिवाय मालवाहू एएन-३२. जून २०२५ मध्ये त्यात ड्रॅगन यानाची भर पडली. पद ‘पायलट’चंच, पण समोर स्टिक नाही, टचस्क्रीन. अंतराळ स्थानकाला जोडणीही यान आपली आपणच करतं. पायलटने फक्त डोळ्यांत तेल घालून पाहत राहायचं. आयुष्यभर स्टिक धरलेल्या माणसासाठी याहून अवघड कन्व्हर्जन कुठलं?