ज्याच्या नावे, त्याच्याच जमा

निवृत्तीपूर्वीची काही वर्षे मी लातूरच्या एका बँकशाखेत होतो. गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावर कापडाची पेढी चालविणारे एक गृहस्थ एके दुपारी माझ्यासमोर येऊन बसले. कार्ड स्वाइप करण्याच्या यंत्राचे पैसे ज्या खात्यात जमा होत, त्या खात्यातून १८,४०० रुपये परस्पर वळते झाले होते आणि त्याचे कारण त्यांना उमगत नव्हते.

कागद काढल्यावर सारी हकिकत उलगडली. ऐन लग्नसराईत एक तरुण आपल्या काकूंचे क्रेडिट कार्ड घेऊन पेढीवर आला, पिन टाकून त्याने दोन साड्या नेल्या आणि चौथ्या दिवशी घडीही न मोडता त्या परत आणल्या. ‘‘शेठजी, पैसे रोखच द्या, काकूंना मी देतो,’’ असे तो म्हणाला. घराणे तीन पिढ्यांच्या ओळखीचे. शेठजींनी गल्ल्यातून नोटा मोजून दिल्या, माल परत आल्याची चिठ्ठीही दिली. रोख मिळाल्याची सही घेणे मात्र त्यांना संकोचाचे वाटले. काकूंच्या हाती चिठ्ठी पोहोचली, पैसे पोहोचले नाहीत. महिनाअखेरीस कार्डाचे बिल आले, तेव्हा त्यांनी आपल्या बँकेकडे तक्रार नोंदविली की, माल परत गेला, रक्कम कार्डावर जमा झाली नाही. पुरावा म्हणून जोडली होती ती शेठजींच्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी. दोन साड्यांची किंमत पेढीने दोनदा परत केली.

‘‘मी कोणाचे बुडविले का?’’ असे त्यांनी मला विचारले. बुडविले नव्हते, पण पैसा ज्या वाटेने आला, त्या वाटेने तो परत गेला नव्हता. पुतण्याकडे रक्कम मागण्यास ते अखेरपर्यंत धजले नाहीत. सोयरिकीत वितुष्ट नको, एवढेच म्हणाले.

आपल्या वाडवडिलांच्या मुनीमजींना हे वेगळे शिकवावे लागले नसते. एकाच्या नावे टाकलेली रक्कम दुसऱ्याच्या खाती जमा केली, तर खतावणी मिळणार कशी? कार्डाचा नियमही तोच आहे. क्रेडिट कार्डावरील पैसा मुळात बँकेने दिलेली उधारी असतो. खरेदी दाखवून कार्ड वापरायचे, माल परत करायचा आणि रोकड खिशात घालायची, असा मार्ग खुला राहिला तर खरेदीच्या आडून रोख कर्ज उचलण्याची सोय होईल आणि चोरलेल्या कार्डाचे पैसे करणाऱ्यांचे फावेल. म्हणून त्याच दिवशी, यंत्राचा हिशेब बंद होण्यापूर्वी, व्यवहार ‘व्हॉइड’ करावा. तो दिवस उलटला असेल तर ‘रिफंड’ करावा. रक्कम दिसण्यास काही दिवस लागतात, त्यासाठी परताव्याचा संदर्भ क्रमांक असलेली पावती ग्राहकाने अवश्य मागून घ्यावी. ऑनलाइन पेमेंट स्वीकारणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितले: ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला स्पष्ट संमती दिली नसेल, तर परतावा मूळ मार्गानेच.

येथे एक गंमत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे मोजणाराच काय, त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक ठरतो. सदोष मिक्सर घेऊन सून दुकानात गेली आणि कार्ड सासऱ्यांचे असले, तरी ‘तुम्ही कोण?’ असे दुकानदाराला विचारता येणार नाही. बिलावर मुदत छापलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. (‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्या पेढ्यांवर अजून लटकते, सदोष मालाच्या बाबतीत तिचा आधार नाही. रंग आवडला नाही, ही गोष्ट निराळी; ती दुकानदाराच्या मर्जीची.) म्हणजे तक्रार सुनेने करावी, पैसा मात्र सासऱ्यांच्याच खाती जावा. आणि परतीची क्रेडिट नोट दुकानदाराने जीएसटीच्या विवरणपत्रात दाखवावी. ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपूर्वी. नाहीतर परत केलेल्या मालाचाही कर अंगावर बसतो.

नांदेड-लातूरकडे मुले शिकवणीसाठी बाहेरगावाहून येतात आणि वडील आपले डेबिट कार्ड, पिनसह, त्यांच्या हवाली करतात. हे मला शाखेत असतानाही खटके आणि आजही खटकते. २०१३ साली बेंगळुरूत प्रसूतीच्या रजेवर असलेल्या एका महिलेने पतीला आपले कार्ड व पिन देऊन एटीएमवर पाठविले. २५,००० रुपये खात्यातून गेले, यंत्रातून आले नाहीत. तिने ग्राहक मंचाकडे दाद मागितली. २०१८ मध्ये निकाल तिच्या विरोधात गेला, कारण पिन पतीलाही देता येत नाही, हे बँकेचे म्हणणे मान्य झाले. ज्यांची अशी खरेदी-विक्री नेहमीचीच आहे, त्यांनी क्रेडिट कार्डावर ‘अ‍ॅड-ऑन’ कार्ड मुलाच्या नावे घ्यावे. देणे मूळ कार्डधारकाचेच राहते, परंतु पिन ज्याचा त्याचा असतो आणि कोणी काय घेतले, काय परत केले, ते बिलात वेगळे दिसते.

घरातला हिशेब याहून नाजूक. सासूबाईंनी सुनेच्या कार्डावर साडी घेतली, घरी आल्याबरोबर तिला रोख देऊन टाकले. पुढे साडी परत झाली आणि रक्कम सुनेच्या खाती गेली. सुनेच्या ध्यानात ते आलेच नाही, सासूबाईंनी विचारले नाही, आणि दोघींच्या मनात महिनाभर काहीतरी साचून राहिले. अशा दोन कहाण्या तरी मला ठाऊक आहेत. बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने ‘कार्ड अमुकचे, रोख दिली’ एवढे लिहून ठेवले असते तरी पुरले असते.

गेल्या महिन्यात त्याच गंजगोलाईच्या पेढीवर मी एक सदरा परत करण्यास गेलो. शेठजी आता थकले आहेत, पण गल्ल्यावर तेच बसतात. बिल पाहून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितले.

‘‘साहेब, कार्ड वहिनींचे दिसते. पैसे तिकडे जातील, मेसेजही त्यांनाच येईल. घरी सांगून आलात ना?’’

मी सांगून आलो नव्हतो.