लंडन ते पॅरिस : विमान खरंच किती वेळ उडतं?



वेळ, अंतर आणि वेग हा घटक शिकवताना आपण नेहमी एसटी आणि रेल्वेची उदाहरणं देतो. आज एक वेगळं उदाहरण घेऊया. लंडनचा हिथ्रो विमानतळ आणि पॅरिसचा शार्ल द गॉल विमानतळ. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर सर्वांत जवळचा मार्ग मिळतो. तो भरतो सुमारे ३५० कि.मी.

आता समजा, तिकिटावर अशा वेळा आहेत :

जाताना : लंडन १०:०० – पॅरिस १२:२०
येताना : पॅरिस १०:०० – लंडन १०:२०

मुलं लगेच वजाबाकी करतात. जायला २ तास २० मिनिटं आणि यायला फक्त २० मिनिटं! म्हणजे जाताना वेग ताशी १५० कि.मी. आणि येताना ताशी १०५० कि.मी.! विमान तेच, अंतर तेच, मग असं कसं? इथे घाईने उत्तर सांगू नका. मुलांना थोडं भांडू द्या.

कारण असं की, तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे आहे. आपल्या देशात सगळीकडे एकच वेळ चालते. पुणे-दिल्ली तिकिटावर सरळ वजाबाकी केली तरी चालतं. म्हणूनच मुलं इथे फसतात.

वेळेतला फरक माहीत नसेल तरी उत्तर काढता येतं. दोन्ही वजाबाक्यांची उत्तरं मिळवा :

२ तास २० मि. + २० मि. = २ तास ४० मि.
त्याचे निम्मे = १ तास २० मि.

हा खरा प्रवासाचा वेळ. जाताना एक तास जास्त दिसतो, येताना तेवढाच कमी दिसतो, त्यामुळे बेरजेत तो उडून जातो. आणि दोन्हींची वजाबाकी करून निम्मे केले, तर येतो १ तास, म्हणजेच घड्याळातला फरक! अट एकच, जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागतो असं धरायचं.

आता वेग काढा. ३५० कि.मी. ला १ तास २० मिनिटं, म्हणजे ताशी साधारण २६२ कि.मी. पण मोठं प्रवासी विमान उंचावर गेल्यावर ताशी ८०० कि.मी.च्या आसपास वेग घेतं. मग बाकीचा वेळ कुठे गेला?

१. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते पोहोचून जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत ते हळूहळू जातं, रांगेत थांबतं.
२. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. एवढ्याशा प्रवासात पूर्ण वेगाने जायला थोडाच वेळ मिळतो.
३. हिथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि गर्दी प्रचंड. उतरणाऱ्या विमानांना बऱ्याचदा आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

म्हणजे प्रत्यक्ष हवेत विमान पाऊण तासाच्या आसपासच असतं. 'सरासरी वेग' म्हणजे काय, हे मुलांना इथे नीट कळतं. सूत्र पाठ असून उपयोग नाही, कोणता वेळ मोजलाय हे आधी विचारायला हवं.

सरावासाठी एक गणित : हेलसिंकीहून ८:०० ला निघालेलं विमान स्टॉकहोमला ८:०५ ला पोहोचलं. स्टॉकहोमहून ८:०० ला निघालेलं हेलसिंकीला १०:०५ ला पोहोचलं. अंतर सुमारे ४०० कि.मी. खरा वेळ किती? कोणाचं घड्याळ पुढे? किती?

उत्तर मुलांनाच काढू द्या!