तुंबणे आणि गळणे

मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असलेली पुरस्थ ग्रंथी, अर्थात प्रोस्टेट, उतारवयात वाढली की ती दुर्बिणीतून आतून खरवडतात आणि कर्करोग असल्यास बहुधा सबंध काढतात. त्यानंतर काही रुग्णांना दोन परस्परविरुद्ध तक्रारी जडतात, एक लघवी तुंबण्याची आणि दुसरी गळण्याची. मुंबईच्या लोकल गाड्यांत स्वच्छतागृह नसल्यामुळे दोन्ही प्रकारच्या रुग्णांना डोंबिवली ते ठाणे हे अंतरही लांब वाटते.

तुंबण्याचे कारण बहुधा व्रण असतो. दुर्बिणीच्या घर्षणाने मूत्रमार्गाचे अस्तर दुखावते, बरे होताना आक्रसते आणि धार सुतासारखी होते. सळई घालून मार्ग पुनःपुन्हा रुंदावण्याने तात्पुरती सोय होते, पण व्रण वाढतच जातो. त्याऐवजी गालाच्या आतील अस्तराचा तुकडा अरुंद जागी ठिगळासारखा शिवता येतो, कारण ते अस्तर बिनकेसाचे व ओलाव्याला सरावलेले असते. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी लांबलचक आकुंचनासाठी मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करून दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा राखण्याची जी पद्धत 2009 मध्ये प्रसिद्ध केली, ती जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र ग्रंथी खरवडताना लघवी रोखणाऱ्या दोन झडपांपैकी आतली झडप गेलेली असते आणि सारा ताबा बाहेरच्या झडपेवर उरतो. आकुंचन नेमके तिथेच असेल, तर तुंबणे सोडवताना गळणे ओढवू शकते.

गळण्यावर आधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करवतात आणि सहा महिने ते वर्षभर वाट पाहतात, ही सबुरी योग्यच आहे. तरीही गळती फार राहिली, तर काही लाखांची कृत्रिम झडप बसवतात. मूत्रमार्गाभोवती द्रवाने भरलेला पट्टा, पोटात फुगा आणि वृषणकोशात पंप असे तिचे तीन भाग असतात. पंप दाबला की पट्ट्यातील द्रव फुग्यात जाऊन लघवी होते आणि दोन-तीन मिनिटांत पट्टा आपोआप पुन्हा आवळतो. अशा रुग्णाला पुढे हृदयविकारासाठी कल्याणच्या एखाद्या अतिदक्षता विभागात दाखल केले आणि पट्टा सैल न करताच कॅथेटर घातला, तर मूत्रमार्गाला इजा होते. म्हणून झडपेची नोंद असलेले कार्ड रुग्णाच्या खिशात असावे लागते आणि घरच्यांनाही ते ठाऊक असावे लागते.