तेलगाळणीची पारख

मोटारगाडीच्या एंजिनातील अगदी स्वस्त भागांपैकी एक म्हणजे तेलगाळणी. गॅरेजमध्ये तिला ऑइल फिल्टर म्हणतात. एंजिनाच्या दुरुस्तीस येणाऱ्या खर्चाच्या मानाने तिची किंमत क्षुल्लक असते. परंतु तिच्या निवडीत झालेली चूक लवकर उघडकीस येत नाही, आणि येते तेव्हा झालेली झीज भरून निघण्याजोगी नसते. कापडाचा पोत हाताला कळतो, धान्याचा कस डोळ्यांना दिसतो; पण पत्र्याच्या बंद डब्यात दडलेल्या गाळणीची पारख कशी करावी? रंग, वजन आणि किंमत या तीन गोष्टींवर बहुतेक ग्राहक विसंबतात. यांपैकी एकही गोष्ट स्वतः पुरेशी नाही.

गाळण्याची गरज

चालत्या एंजिनात भुजादंड आणि त्याची बेअरिंगे यांचा परस्परांस प्रत्यक्ष स्पर्श होत नाही. त्यांच्यामध्ये तेलाचा एक अत्यंत पातळ थर असतो व दंड त्या थरावर तरंगत फिरतो. या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो, आणि सुमारे ४० मायक्रॉनांहून लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तेलाचा थर मात्र कित्येकदा अवघा काही मायक्रॉन जाड असतो. म्हणजेच एंजिनाचे खरे शत्रू डोळ्यांना दिसणाऱ्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात.

हे कण अनेक वाटांनी येतात. रस्त्यावरील धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात व ते साध्या पोलादाहून कठीण असतात. हवेची गाळणी चुकवून आलेली ही धूळ शेवटी तेलात उतरते. घर्षणाने सुटलेला धातूचा कीस आणि इंधनाच्या ज्वलनातून उरलेला कार्बन यांची तीत भर पडते. कणांचा आकार तेलाच्या थराच्या जाडीएवढा असला, की तो दोन्ही पृष्ठभागांना एकदम ओरखडे काढतो. त्या ओरखड्यांतून नवा कीस सुटतो, आणि एका झिजेतून दुसरी झीज जन्म घेते.

जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधनाचे या विषयावरील निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. ४० मायक्रॉनांपर्यंत गाळणाऱ्या गाळणीऐवजी ३० मायक्रॉनांची वापरली असता एंजिनाची झीज सुमारे ५० टक्के, आणि १५ मायक्रॉनांची वापरली असता सुमारे ७० टक्के कमी झाली. प्रयोगशाळेत तेलात मुद्दाम धूळ मिसळून केलेल्या चाचण्यांचे हे आकडे आहेत. रस्त्यावरील प्रत्येक गाडीला ते जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. तथापि त्यांचा रोख निःसंदिग्ध आहे.

डब्याच्या अंतरंगात

आरंभीच्या मोटारींत तेल गाळण्यासाठी पंपाच्या तोंडाशी तारेची जाळी असे. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी ‘प्युरोलेटर’ नावाची गाळणी प्रचारात आणली. जुन्या पद्धतीच्या गाळण्यांतून तेलाचा थोडासाच प्रवाह जात असे. पुढे संपूर्ण प्रवाह गाळण्याची पद्धत रूढ झाली, आणि १९५०च्या दशकात आट्यांवर फिरवून बसविण्याचा आजचा डबा आला.

या डब्यात चार गोष्टी महत्त्वाच्या असतात. पहिली, चुण्या घातलेला गाळण-कागद. तो लाकडाच्या लगद्याचा, कृत्रिम धाग्यांचा किंवा दोहोंच्या मिश्रणाचा असतो, आणि तेलात टिकावा म्हणून त्यावर राळेचा संस्कार केलेला असतो. दुसरी, कागद आत चेपू नये म्हणून मध्यभागी बसविलेली सच्छिद्र नळी. तिसरी, परतीची रबरी झडप. एंजिन बंद असता डब्यातील तेल खाली उतरून जाऊ नये, हे तिचे काम. ती निकामी असेल तर सकाळी एंजिन सुरू करताच डबा पुन्हा भरेपर्यंत काही क्षण बेअरिंगांना तेल मिळत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. कागद गाळाने भरला किंवा थंडीत तेल फार घट्ट झाले, तर ही झडप उघडून न गाळलेले तेल एंजिनाकडे जाऊ देते. अस्वच्छ तेल वाईट खरे, पण तेलच नसणे त्याहून घातक. झडपेची कमान फार नरम असेल, तर बरेचसे तेल न गाळताच निसटते. फार ताठ असेल, तर ऐन गरजेच्या वेळी एंजिन तेलावाचून राहते. काही एंजिनांत ही झडप डब्यात नसून एंजिनाच्या ठोकळ्यातच असते. म्हणून केवळ आटे जुळतात एवढ्यावरून एका गाडीची गाळणी दुसरीस योग्य ठरत नाही.

आकड्यांचा अर्थ

‘१० मायक्रॉनांपर्यंत गाळते’ असे वाक्य वेष्टनावर छापलेले असते. हे वाक्य अर्धेच आहे. दहा मायक्रॉनांचे शंभर कण आले असता त्यांपैकी किती अडले, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. शंभरांपैकी पन्नास अडवणारी आणि नव्याण्णव अडवणारी, अशा दोन्ही गाळण्यांवर ते छापता येईल.

तज्ज्ञ यासाठी ‘बीटा गुणोत्तर’ वापरतात. गाळणीपूर्वीच्या कणसंख्येला गाळणीनंतरच्या कणसंख्येने भागले की हे गुणोत्तर मिळते. शंभरांपैकी पन्नास कण निसटले तर बीटा २, पाच निसटले तर २०, आणि एकच निसटला तर १००. ९५ टक्के व ९९ टक्के हे आकडे ऐकताना जवळचे वाटतात. परंतु पहिल्या गाळणीतून दुसरीच्या पाचपट कण पुढे जातात.

येथे कोणी शंका घेईल की, तेल तर पुनःपुन्हा गाळणीतून जाते. मग पहिल्या फेरीत निसटलेला कण पुढील फेरीत सापडणार नाही काय? शंका रास्त आहे. निम्मेच कण अडवणारी गाळणीदेखील पाच फेऱ्यांनंतर मूळ कणांपैकी सुमारे ३ टक्केच शिल्लक ठेवील. परंतु निसटलेला कण गाळणीकडे परतण्यापूर्वी बेअरिंगांतून जातो, आणि दरम्यान नवे कण येतच असतात.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ४५४८ क्रमांकाच्या मानकाच्या बाराव्या भागात याच तत्त्वावर चाचणी सांगितली आहे. तेल गाळणीतून फिरते ठेवून त्यात प्रमाणित धूळ मिसळत राहतात, गाळणीच्या अलीकडचे व पलीकडचे कण मोजतात, आणि गाळणी चोंदण्यापूर्वी तिने किती धूळ सामावून घेतली तेही पाहतात. ज्या उत्पादकाने अशा चाचणीचे निकाल, कणांचा आकार आणि टक्केवारी या दोहोंसह दिले आहेत, त्याचे म्हणणे पडताळून पाहता येते.

सूक्ष्म गाळणे, पुष्कळ गाळ सामावणे आणि तेलाला कमी अडथळा करणे हे तीन गुण एकमेकांना ओढून धरतात. छिद्रे लहान केली की अडथळा वाढतो व कागद लवकर भरतो. यावर उपाय म्हणजे कागदाचे क्षेत्रफळ वाढविणे किंवा अधिक चांगले धागे वापरणे. चांगल्या गाळणीची किंमत मुख्यतः येथे खर्च होते.

कापून पाहण्याची परीक्षा

वापरून काढलेली गाळणी तेल पूर्ण निथळल्यावर जाणत्या कारागिराकडून कापून घेतली, तर शाळेतही एक उद्‌बोधक प्रयोग होऊ शकतो. चुणीची उंची, खोली आणि चुण्यांची संख्या मोजावी. प्रत्येक चुणीला दोन बाजू असल्याने गुणाकाराची दुप्पट करावी. उंची ६ सेंटिमीटर, खोली दीड सेंटिमीटर आणि चुण्या ५० असतील, तर कागदाचे क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर भरेल. दोन डबे बाहेरून सारखे असूनही आतील कागदात मोठा फरक आढळतो.

चुण्या समान अंतरावर आहेत काय, कागदाचा सांधा अखंड चिकटला आहे काय, परतीची झडप लवचिक आहे की कडक झाली आहे, हेही पाहावे. सांध्यातील बारीकशी फट उत्तम कागदाचा गुण व्यर्थ घालविते. मात्र कागदाच्या टोकांना पत्र्याऐवजी पुठ्ठा दिसला, एवढ्यावरून गाळणी हलकी मानू नये. नीट चिकटविलेला पुठ्ठा आपले काम चोख करतो. तसेच कागद किती सूक्ष्म गाळतो, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी चाचणीचाच आधार हवा. प्रयोगानंतर उरलेले काळे तेल गटारात न ओतता संकलनासाठी द्यावे.

किंमत आणि मोल

समजा, एक गाळणी १५० रुपयांना व दुसरी २५० रुपयांना मिळते, आणि दोन्ही १०,००० किलोमीटरांनंतर बदलावयाच्या आहेत. फरक १०० रुपयांचा, म्हणजे दर किलोमीटरला एका पैशाचा. दुसरीचे चाचणीनिकाल खरोखर सरस असतील, तर एका पैशात एवढे संरक्षण महाग नाही. पण निकालच नसतील, तर तो जादा पैसा केवळ रंगीत वेष्टनाचा ठरतो.

याहून मोठा धोका बनावट मालाचा आहे. नामांकित वेष्टनात कधी निकृष्ट कागद, तर कधी झडपच नसलेला डबा विकला जातो. अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊन खरेदी करणे आणि गाडीच्या पुस्तिकेतील क्रमांक ताडून पाहणे, हा त्यावरील साधा उपाय होय. गाळणी बसविताना जुने रबरी कडे एंजिनाला चिकटून राहिलेले नाही, याचीही खात्री करावी. एकावर एक दोन कडी बसली तर सारे तेल वाहून जाण्याचा संभव असतो.

उत्तम गाळणीलाही मर्यादा आहेत. तेलात मिसळलेले इंधन, निर्माण झालेली आम्ले आणि अतिसूक्ष्म काजळी ती फारशी अडवू शकत नाही. तेल उष्णतेने जुने होते, तेही ती थांबवू शकत नाही. म्हणून महाग गाळणी घेतली या समजुतीने तेल बदलण्याची मुदत लांबविणे चुकीचे ठरते. योग्य क्रमांकाची, चाचणीने सिद्ध झालेली साधी गाळणी वेळेवर बदलणारा वाहनधारक, मौल्यवान गाळणी बसवून ती विसरून जाणाऱ्यापेक्षा आपल्या एंजिनाचे अधिक हित साधतो.